फराळ नको, पावडर चालेल

दिवाळी बारा दिवसांवर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही चौघं. पक्याची मुलगी समोर सायकलच्या चकरा मारत होती. पक्या सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याला उठता-बसता उपक्रम सुचतात. यंदाचा असा: सोसायटीची वीसेक पोरं मिनीबसमध्ये घालून एका बालगृहात न्यायची, त्यांच्या हातून फराळाची पाकिटं वाटायची, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे.

"पोरांवर संस्कार होतात रे."

"कसले? फोटोत गोड हसायचे?" वैशाली म्हणाली. ती समाजकार्यातली, त्यामुळे कलमं तोंडपाठ. "तिथल्या मुलांचे फोटो टाकताच येत नाहीत. २०१५ चा बाल न्याय कायदा, कलम ७४. ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलंस तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही."

"चेहरे ब्लर करू."

"म्हणजे आपली पोरं हसतायत आणि समोर धुरकट ठिपके. झकास दिसेल."

मास्तर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त. ते थेट साताऱ्याला पोचले. "कर्मवीरांनी १९१९ ला रयत काढली. वसतिगृहाच्या पोरांसाठी मुष्टिफंड होता. घरची बाई दळायला बसली की आधी मूठभर धान्य बाजूला काढायची. घरातली पोरं ते रोज बघायची. त्यांना वेगळं शिकवायला कशाला लागतंय?"

"मास्तर, आता दळण कुठंय? दहा मिनिटांत पीठ दारात येतं," पक्या म्हणाला. खरंच होतं ते. मास्तर गप्प बसले, पण पटलेलं नव्हतं.

मग मी माझं सांगितलं. गेल्या वर्षी आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी खेळण्यांची पिशवी भरली. तीन चाकांची गाडी, अर्धे तुकडे हरवलेलं कोडं. मी शाबासकी दिली. बायकोने फक्त विचारलं, "तुला हे कुणी दिलं तर घेशील?" पिशवी रिकामी झाली. दोन दिवस घुम्यासारखा बसला आणि शेवटी कॅरम दिला, सोंगट्या पूर्ण असलेला. त्याच रात्री रडायला लागला, परत आणा म्हणून. मी म्हटलं, रडू दे, आज कुठे त्याने काही दिलं. बायको म्हणाली, नऊ वर्षांच्या पोराकडून एवढी वसुली कशाला? आमचं त्यावरून अजून वाजतं.

"मग कुठे न्यायचंच नाही का त्यांना?" पक्या वैतागला.

मी दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव काढलं. टाटा हॉस्पिटलला गावाहून आलेले पेशंट आणि नातेवाईक तिथे उतरतात. वैशालीने तेही हाणून पाडलं. केमो चालू असलेल्या माणसाला आपल्या पोरांची सर्दीसुद्धा महागात पडते. "पण पक्याचं एक बरोबर आहे," ती म्हणाली. "मुलांना माणसं दिसली पाहिजेत. नुसत्या क्यूआर कोडने काही कळत नाही. फक्त आधी विचारा ना, काय हवंय ते."

पक्याने तिथल्या तिथे बालगृहाला फोन लावला, स्पीकरवर.

"फराळ नको हो," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "दिवाळीत इतका येतो की पोरांची पोटं बिघडतात. फेब्रुवारीत या, तेव्हा कुणी फिरकत नाही. तूरडाळ आणा, खोबरेल तेल आणा. कपड्यांची पावडर तर कायमच संपलेली असते."

पक्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पावडरीची पाकिटं वाटायला मिनीबस कशाला लागते?

सायकल थांबली. पोरगी कधीपासून ऐकत होती कोण जाणे. "बाबा, त्यांच्याकडे मशीन आहे का? मशीनची पावडर वेगळी असते. हाताने धुवायची वेगळी."

पक्याने पुन्हा फोन लावला. एंगेज.