गाइडला बोलू द्या

आज सकाळी आमच्या जपान सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टूर कंपनीने पुढच्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका पाठवली आणि ती वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. टोकियो, फुजीचा परिसर, क्योटो, ओसाका हे सगळे जागच्या जागी आहे. हिरोशिमा मात्र काढून टाकले आहे. त्या दिवशी ओसाकातील थीम पार्क आणि संध्याकाळी खरेदीसाठी मोकळा वेळ, अशी नवी योजना आहे. शिराकावा-गो हे गाव आमच्या वेळी निदान अर्ध्या दिवसाचे होते, ते आता जाता जाता ‘फोटो स्टॉप’ झाले आहे. त्याखाली टाळ्यांची आणि अंगठ्यांची रांग लागली. एका सहप्रवाशांनी तर लिहिले, ‘उत्तम निर्णय! सुट्टीत ते उदास काहीतरी कशाला पाहायचे?’ कंपनीचे नाव मी लिहिणार नाही, कारण इतर कंपन्यांची पत्रकेही मी आज उघडून पाहिली आणि तीही याच वळणाने चालली आहेत.

आम्ही हिरोशिमाला गेलो, तेव्हा स्थानिक गाइड म्हणून साठी ओलांडलेल्या एक जपानी बाई आमच्याबरोबर होत्या. हातात छोटे निशाण, गळ्यात परवाना, आणि सावकाश, स्वच्छ इंग्रजी. त्यांनी आम्हांला प्रथम घुमटाच्या त्या भग्न इमारतीसमोर उभे केले. यान लेट्झेल या चेक वास्तुविशारदाने आखलेली ही प्रदर्शनाची इमारत १९१५ साली पूर्ण झाली होती, आणि बॉम्ब जवळजवळ तिच्या डोक्यावरच फुटल्याने स्फोटाचा दाब सरळ खाली आला, म्हणून भिंतींचा काही भाग उभा राहिला, हे त्यांनी हाताने दाखवून समजावले. मग त्या म्हणाल्या, की ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठ वाजता शहरातील शाळांची बारा-तेरा वर्षांची हजारो मुले रस्त्यावरच होती, कारण हवाई हल्ल्यांत आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामावर त्यांना लावले होते. ‘माझी आई अशाच एका वर्गात होती. त्या दिवशी तिचे पोट दुखत होते, म्हणून आजीने तिला घरी ठेवले. संध्याकाळी तिच्या वर्गातील एक मुलगी आमच्या दाराशी आली आणि...’

एवढ्यात आमच्या टूर मॅनेजरने हात वर केला. एक वाजता भारतीय उपाहारगृहात जेवण ठरले होते आणि संग्रहालय अजून व्हायचे होते. बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या, किंचित झुकल्या, निशाण उंच केले आणि चालू लागल्या. ती मुलगी दाराशी येऊन काय म्हणाली, ती जगली का, हे आम्हांला कळलेच नाही. संग्रहालयातून बाहेर पडताना मी बाईंना गाठायचा प्रयत्न केला, पण तोवर बसचा दरवाजा उघडला होता आणि डोकी मोजणे सुरू झाले होते.

मला आज संताप येतो तो या गोष्टीचा. आधी आपण त्या बाईंचे बोलणे मध्येच तोडले आणि आता त्यांचे शहरच कार्यक्रमातून काढून टाकत आहोत.

‘मग गटाबरोबर गेलातच कशाला, स्वतः जायचे,’ असे काही तरुण मित्र म्हणतील. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन टोकियोच्या शिंजुकू स्थानकात उतरून पाहा. दोनशेहून अधिक दरवाजे असलेल्या त्या स्थानकात योग्य दरवाजा चुकला, तर माणूस अर्धा तास भलत्याच बाजूला चालत राहतो. मार्गदर्शित सहल ही आपल्याकडच्या अनेकांसाठी परदेश पाहण्याची एकमेव वाट आहे आणि तिला कमी लेखणाऱ्यांशी माझे कधीच पटणार नाही. ज्या बायका आयुष्यात एकट्या पुण्याच्या पलीकडे गेल्या नाहीत, त्या आमच्या गटात शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या खिडकीशी बसून लहान मुलींसारख्या हसत होत्या. पण गटाने जाण्याचा सगळ्यांत मोठा लाभ कोणता? स्वतः फिरणाऱ्याला सहसा न परवडणारा, तिथला जाणकार माणूस आपल्यासोबत असतो, हाच ना? जपानमध्ये १९४९ च्या कायद्यापासून अनेक दशके परवान्याशिवाय कोणालाही पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना परकीय भाषेत मार्गदर्शन करता येत नसे. २०१८ मध्ये ती अट शिथिल झाली, तरी राष्ट्रीय परीक्षा आजही आहे आणि तिच्यात परकीय भाषेबरोबर जपानचा इतिहास आणि भूगोलही विचारतात. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीकडून आपण निशाण धरून घेतो आणि स्वच्छतागृह कुठे आहे एवढेच विचारतो!

शिराकावा-गोमध्ये हीच गोष्ट सौम्यपणे घडली. ओगिमाची हा त्या गावाचा मुख्य भाग १९९५ पासून जागतिक वारसा आहे. तिथली उंच, उतरत्या गवती छपरांची घरे आपण सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली असतात. हिवाळ्यात पडणारा जड बर्फ घसरून जावा म्हणून छपराला सुमारे साठ अंशांचा उतार असतो, आणि छपराची लाकडे खिळ्यांऐवजी दोरांनी आणि लवचिक कोवळ्या फांद्यांनी बांधलेली असतात. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत, खालच्या जमिनीत बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलावे लागते आणि त्यासाठी अख्खे गाव एका घरावर चढते. आज तुझे, उद्या माझे, असा हा हिशेब आहे. माझ्या आजोळी कोकणात घर शाकारायला वाडी जमायची तसेच हे, आणि तेथील गाइडने हे सांगितले तेव्हा आमच्या गटातील राजापूरच्या एक आजी पटकन पुढे आल्या आणि गवत कोणते वापरता, बांधता कशाने, असे विचारू लागल्या. गाइडचा चेहरा एकदम उजळला. ते दोघे एकमेकांची भाषा न जाणता, टूर मॅनेजरच्या मदतीने, हातवारे करत बोलत राहिले. माझ्या दृष्टीने संपूर्ण सहलीतील तो सर्वांत सुंदर प्रसंग होता. ‘फोटो स्टॉप’मध्ये असे काही होऊ शकत नाही, कारण त्यात गाइडला बसमधून उतरायलाही वेळ नसतो.

पर्यटकांच्या गर्दीने तिथले लोक कंटाळले आहेत, हेही मी नाकारत नाही. २०२४ मध्ये साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पाहुणे जपानला गेले. त्याच वर्षी क्योटोच्या गिओन भागातील खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद करण्यात आल्या आणि आत शिरणाऱ्याला दहा हजार येनांच्या दंडाचे फलक लागले. फुजीकावागुचिको येथे तर एका दुकानामागे दिसणाऱ्या फुजीचे छायाचित्र घ्यायला लोक रस्ता अडवू लागले म्हणून नगरपालिकेला काळा पडदा लावावा लागला. हे प्रकार घाईने उतरून, छायाचित्र काढून, घाईने निघून जाणाऱ्यांमुळे होतात. आमच्याच गटातील दोघे शिराकावा-गोमध्ये कोणाच्या तरी अंगणात शिरून छायाचित्र काढत होते. तिथे माणसे राहतात हे गाइडने सांगितले होते, पण ते वाक्य बसमधल्या गोंधळात कोणी ऐकलेच नव्हते.

आता जेवणाविषयी, कारण सगळ्या वेळापत्रकांचा बळी शेवटी तिथेच जातो. शाकाहारी माणसाला जपानमध्ये अडचण येते, हे खरे आहे. साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. त्यामुळे भारतीय उपाहारगृहे लागतात, हे मान्य. पण सहल संपल्यावर माझे पती आणि मी मागे राहिलो आणि ओसाकाहून रेल्वेने, शेवटी डोंगर चढणाऱ्या केबल कारने, कोयासानला गेलो. कुकाई या आचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी स्थापन केलेले हे मठांचे गाव आहे आणि तिथल्या पन्नासेक मठांत यात्रेकरूंना राहता येते. रात्री समोर आलेल्या ताटात मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही; तिळाचे घट्ट ‘तोफू’, वाळवून पुन्हा शिजवलेले सोयाबीनचे पनीर, डोंगरातील भाज्या आणि भात. माझ्या सासूबाईंनीही निःशंकपणे जेवावे असे ते जेवण होते. पहाटे भिक्षूंनी अग्नी पेटवून त्यात समिधा टाकत मंत्र म्हटले, तेव्हा आम्ही दोघे कितीतरी वेळ काही बोललो नाही. तेथील विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे, आणि त्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले होते. महाराष्ट्रातून निघणाऱ्या किती सहलींच्या कार्यक्रमात कोयासान आहे? मी आज पाहिलेल्या एकाही पत्रकात नाही.

त्या टूर मॅनेजरवर माझा राग नाही, हे इथेच लिहून ठेवते. तिशीही न गाठलेला मुलगा, रात्री अकरापर्यंत कोणाची खोली बदलून दे, कोणाची हरवलेली बॅग शोध, पहाटे पाचला सगळ्यांच्या आधी खाली हजर. ताकायामात एका काकांची रक्तदाबाची गोळी संपली, तर तो त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला आणि परत येईपर्यंत जेवला नाही. एक वाजताचे जेवण त्याने ठरवले नव्हते. ते कार्यालयात बसून, नकाशावर ठिपके जोडणाऱ्यांनी ठरवले होते, आणि एका दिवसात अधिक ठिपके असलेले पत्रक आपणच निवडतो म्हणून ते तसे ठरवतात.

पण ‘उदास काहीतरी’ हे शब्द मला विसरता येत नाहीत. आम्ही गेलो त्या दिवशी सादाको सासाकीच्या स्मारकापाशी जपानी शाळकरी मुले रांगेत बसली होती. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली ती मुलगी १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली आणि तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेऊन हे स्मारक उभे केले. ही मुले कागदी पक्ष्यांच्या माळा घेऊन आली होती, शिक्षक बोलत होते आणि मुले ऐकत होती. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जे पेलते ते आपल्याला पेलत नाही का? १९५७ साली पंडित नेहरू या शहरात आले होते, आणि २०२३ पासून तिथल्या शांतता स्मारक उद्यानाजवळच, नदीकाठी, गांधीजींचा अर्धपुतळा आहे. आपला या जागेशी काही संबंध नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. आणि त्या बाईंनी ती हकीकत आम्हांला उदास करण्यासाठी सांगायला घेतली नव्हती. आपल्या आईविषयी त्या परक्या माणसांशी बोलत होत्या. जेवण थंड होईल म्हणून आपण ते ऐकले नाही.

मी आज कंपनीला सविस्तर पत्र लिहिले आहे. हिरोशिमाला पूर्ण दिवस हवा, संग्रहालयाला किमान दोन तास हवेत, स्थानिक गाइडच्या बोलण्याची वेळ कार्यक्रमात वेगळी राखून ठेवलेली हवी, आणि एक रात्र तरी शहराबाहेर, शिराकावा-गोच्या परिसरात किंवा कोयासानला, मुक्काम हवा, एवढेच मागितले आहे. त्यासाठी थीम पार्क आणि खरेदीची संध्याकाळ गेली तरी चालेल. साकुराच्या, म्हणजे चेरी फुलण्याच्या, दिवसांत जाण्यासाठी जे पैसे भरणार आहेत, त्यांनी भरण्यापूर्वी हेच प्रश्न विचारावेत. दहा जणांनी विचारले तर कार्यालयाला उत्तर द्यावे लागेल. आई-वडिलांच्या गुडघ्यांची काळजी असेल त्यांनी मला निःसंकोच विचारावे. शिराकावा-गोच्या टेकडीवर बस जाते, हिरोशिमाच्या संग्रहालयात चाकाची खुर्ची मिळते, आणि कोयासानच्या मठात जमिनीवर गादी घालून झोपावे लागते, तेव्हा खोली ठरवतानाच खुर्ची मागून ठेवा.