घरोघरी विमान की तालुक्यागणिक धावपट्टी?

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुटू लागले, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईची सेवाही सुरू झाली, आणि तेव्हापासून सोलापुरात विमानप्रवासाविषयी लोक अधिक मोकळेपणाने बोलू लागले आहेत. मी इथे यंत्र अभियांत्रिकी शिकवते. वर्गातली मुले एका-दोघांना घेऊन सरळ वर उचलली जाणारी, आठ-सोळा पंख्यांची यंत्रे मोबाइलवर दाखवतात आणि दुचाकीसारखे स्वतःचे विमान आपल्या दारात कधी उभे राहील असे विचारतात. मुले हे मनापासून विचारतात, म्हणून त्यांना उत्तरही नीट विचार करून द्यायला हवे. माझे मत असे आहे की, रोजच्या प्रवासासाठी प्रत्येकाचे स्वतंत्र विमान ही गोष्ट पुढच्या वीस वर्षांत तरी सोलापुरात शक्य दिसत नाही. मात्र चार ते नऊ आसनांची, अनेकांनी मिळून वापरायची छोटी विमाने शंभर ते तीनशे किलोमीटरच्या टप्प्यात आपल्या फार उपयोगी पडू शकतात, आणि त्यांची तयारी यंत्राच्या आधी जमिनीपासून करावी लागेल.

घरटी विमानाचे स्वप्न नवे नाही. हेन्री फोर्ड यांनी १९२६ साली एका माणसाचे चिमुकले विमान लोकांपुढे आणले, तेव्हा मोटारीप्रमाणे हेही घरोघरी पोहोचेल अशी हवा झाली होती. १९२८ च्या फेब्रुवारीत त्या मालिकेतले एक विमान समुद्रात कोसळून वैमानिक हॅरी ब्रुक्स दगावले आणि फोर्ड यांनी तो नाद सोडला. पुढे एर्कूप नावाचे विमान आले. ते गिरक्या घेत कोसळू नये अशीच त्याची रचना होती आणि ते चालवणे मुद्दाम सोपे केलेले होते. महायुद्ध संपताच अमेरिकेत अशी विमाने हजारोंनी विकली गेली, पण थोड्याच काळात बाजार बसला. मोल्टन टेलर यांच्या एअरोकारला, म्हणजे पंख काढून रस्त्यावर चालवता येणाऱ्या विमानाला, १९५६ मध्ये रीतसर प्रमाणपत्र मिळाले आणि तरीही तशी यंत्रे बनली फक्त सहा. ही सगळी यंत्रे उडत होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे असे मला वाटते. ती अडली ती रोजच्या वापरात: उतरायचे कुठे, हवा बिघडली तर काय, आणि उतरल्यावर पुढे कसे जायचे.

हाच हिशोब आपल्या रस्त्यांवर मांडून पाहू. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले छोटे विमान चार जणांना घेऊन ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. सोलापूर ते पुणे हे हवाई अंतर सुमारे २३५ किलोमीटर, म्हणजे हवेतला वेळ तासाभराहून थोडा अधिक. पण घरातून होटगी रस्त्याला पोहोचणे, विमानाची उड्डाणपूर्व तपासणी, हवामानाची माहिती, उड्डाणाचा आराखडा दाखल करणे, हवाई संरक्षण यंत्रणेची मंजुरी, हे सारे त्याच्या आधी येते. पुण्याचे लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे असल्याने तिथे छोट्या खासगी विमानाला हवी ती वेळ मिळेलच असे नाही, आणि तिथून शहरात शिरायला आणखी वेळ लागतो. सगळे धरून तीन तास सहज होतात. हुतात्मा एक्स्प्रेस चार तासांच्या आसपास नेऊन सोडते, तीही पुणे स्टेशनात, शहराच्या मध्यभागी. पुण्यासाठी स्वतःचे विमान बाळगण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगरचे मात्र तसे नाही. हवाई अंतर अडीचशे किलोमीटरच, पण रस्त्याने तीनशेच्या वर, आणि दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो. आपली रेल्वे मुंबई-चेन्नईच्या मार्गावर वसलेली आहे, त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणे सोपे आणि आडवे जाणे कठीण. लातूर, नांदेड, कोल्हापूर, नाशिक या गावांशी आपला व्यापार, नाती आणि दवाखाने जोडलेले आहेत, तरी तिकडे जायचे म्हणजे अर्धा दिवस हातचा गेला असे समजूनच निघावे लागते. छोट्या विमानाचा खरा फायदा या आडव्या वाटांवर आहे. जिथे चांगली गाडी आहे तिथे विमान नेऊन स्पर्धा करणे हा पैशाचा आणि इंधनाचा अपव्यय आहे.

आता उन्हाळ्याकडे वळते, कारण या विषयावर बोलताना तो जवळपास सगळेच विसरतात. विमान उडते ते हवेच्या घनतेवर, आणि हवा तापली की विरळ होते. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान १२ अंश सेल्सिअस मानले जाते, आणि मे महिन्यात आपला पारा ४३ च्या पुढे जातो. वैमानिक ज्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात ती काढली, तर त्या दुपारी होटगी रस्त्यावरच्या विमानाला आपण ५,३०० फुटांवर आहोत असे वाटते, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. अशा हवेत पंखांना कमी उचल मिळते, पंख्याचा ओढा घटतो आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकदही उतरते. धावपट्टी जास्त लागते, वर चढण्याचा वेग मंदावतो, आणि चार माणसे व पूर्ण टाकी घेऊन निघायचा बेत असेल तर दोन माणसे खाली उतरवावी लागतात. हे गणित प्रत्येक वैमानिकाला येते, पण रोज सकाळी कामाला निघणारा सामान्य माणूस ते रोज करील आणि उत्तर प्रतिकूल आले तर घरी थांबेल, अशी अपेक्षा ठेवून एखादी वाहतूक व्यवस्था उभी राहत नाही.

विजेवर चालणारी यंत्रे यातून सुटतील असे मुलांना वाटते. विरळ हवेने मोटरची ताकद घटत नाही हे खरे, पण पंख्याला हवाच कमी मिळते आणि बॅटरी थंड ठेवणे अधिक अवघड होते. त्याहून मोठी अडचण वजनाची आहे. चांगल्या बॅटरीत किलोमागे साधारण २५० वॉट-तास ऊर्जा मावते, पेट्रोलमध्ये सुमारे १२,०००. इंजिन त्यातला चौथा हिस्सा किंवा थोडा अधिकच कामी आणते आणि मोटर नव्वद टक्क्यांच्या वर, हे मान्य करूनही दहा-पंधरा पटींचे अंतर उरते. शिवाय पेट्रोल जळत जाते तसे विमान हलके होते, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तितकीच जड राहते. सरळ वर उचलले जाणारे यंत्र तर उड्डाणाच्या पहिल्या आणि शेवटच्या मिनिटांत सर्वांत जास्त वीज खाते. चीनच्या ईहँग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्राला २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या नियामकाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ती मोठीच मजल आहे. पण त्याचा पल्ला सुमारे तीस किलोमीटर. सोलापूरहून अक्कलकोट चाळीस किलोमीटर आहे आणि तुळजापूर त्याहूनही थोडे लांब, म्हणजे आपल्या दोन्ही देवस्थानांपैकी एकाही ठिकाणी ते पोहोचणार नाही.

पिपिस्ट्रेल कंपनीचे व्हेलिस इलेक्ट्रो हे युरोपात २०२० साली प्रमाणपत्र मिळवणारे पहिले विजेचे विमान. ते धावपट्टीवरूनच उडते, पण राखीव वेळ सोडून पन्नास मिनिटांच्या आसपासच हवेत राहते. शिकाऊ वैमानिकाला ते पुरेसे आहे, प्रवाशाला नाही. सरळ वर उचलली जाणारी विजेची यंत्रे बनवणाऱ्या जर्मनीतल्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन गाजलेल्या कंपन्या २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेल्या. त्याच वेळी जोबी आणि आर्चर यांसारख्या अमेरिकी कंपन्यांचे काम चालू आहे, आपल्याकडेही आयआयटी मद्रासमधून पुढे आलेली ई-प्लेन आणि बंगळुरूची सरला एव्हिएशन झटत आहेत. या तरुण अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही त्यांचे पहिले ग्राहक मोठ्या शहरांतल्या कोंडीत अडकलेले लोक असतील, हे आपण समजून घ्यावे. आपली गरज कोंडी ओलांडण्याची कमी आणि अंतर कापण्याची जास्त आहे.

सुरक्षेबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. अमेरिकेत खासगी व छोट्या विमानांच्या दर एक लाख उड्डाणतासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. नियमित प्रवासी विमानसेवेच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. आपल्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या सतराव्या वर्षापासून मिळू शकतो, त्यासाठी किमान चाळीस तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी लागते. चाळीस तासांत माणूस विमान उडवायला शिकतो, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर पश्चिमेला वळवाचे ढग उभे राहतात तेव्हा न उडण्याचा निर्णय घ्यायला शिकायला वर्षे लागतात. ढगात शिरलेल्या अननुभवी वैमानिकाला क्षितिज दिसेनासे होते आणि विमान कलते आहे हेही त्याला जाणवत नाही. सिरस कंपनीने अख्ख्या विमानालाच हवाई छत्री बसवली, गार्मिनने वैमानिक बेशुद्ध पडला तरी विमान आपोआप उतरवणारी प्रणाली २०२० मध्ये प्रमाणित करून घेतली. खासगी विमानाच्या भवितव्याविषयी मला जी थोडी आशा वाटते ती या दोन शोधांमुळे वाटते, नव्या आकाराच्या पंख्यांमुळे नव्हे.

इंधनाचा एक मुद्दा क्वचितच चर्चेला येतो. छोट्या विमानांचे ॲव्हगॅस २०२२ पर्यंत आपण आयात करत होतो, आता इंडियन ऑइल ते देशात बनवते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण या इंधनात आजही शिसे असते. मोटारींच्या पेट्रोलमधून आपण २००० साली शिसे हद्दपार केले, ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे म्हणून. शिसेविरहित पर्याय रूढ होईपर्यंत दाट वस्तीवरून अशी विमाने रोज शेकड्यांनी उडावीत असे मी तरी म्हणणार नाही. आपला विमानतळ वस्तीला किती खेटून आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

जिद्द कमी आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव आपलेच. त्यांचे विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि उड्डाणाची परवानगी हातात पडायला २०१९ उजाडले. विमान बांधणाऱ्याची कसून तपासणी व्हावी, पण त्याला वाट माहीत असावी आणि तिला मुदत असावी. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. त्याखालच्या नियमांत हौशी व छोट्या निर्मात्यांसाठी सुटसुटीत प्रकरण असावे, ही मागणी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र येऊन करायला हवी.

आणि आता जमिनीविषयी. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची, विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, तेव्हा या शहरात दोन्ही बाजूंनी किती कटुता होती ते आपण पाहिले आहे. सभासद शेतकऱ्यांना बसलेली झळ खरी होती आणि विमानसेवेची गरजही खरी होती. त्यातून मी इतकेच घेते की, कोणत्या जागी किती उंच बांधता येईल हे विटेवर वीट चढण्याआधी ठरले पाहिजे. मोबाइल मनोरे, उंच इमारती, उतरणीच्या मार्गाखाली साचणारा आणि घारींना बोलावणारा कचरा, संक्रांतीच्या दिवसांतला पतंगांचा मांजा, या सगळ्यांचा विचार आजच्या विमानांसाठी करायचा आहेच. उद्या छोटी विमाने वाढली तर तो दसपटीने करावा लागेल. नान्नजचे माळरान, जिथे माळढोकासाठी अभयारण्य राखले आहे, तिथून खालच्या उंचीवर उडणे पूर्ण वर्ज्य असावे, यात मला चर्चेला जागा दिसत नाही.

सार्वजनिक पैसा कुठे जावा याबद्दलही माझे मत ठाम आहे. ज्या शहरात हजारो विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार रोज बसने व सायकलने कामाला जातात, तिथे काही श्रीमंत घरांच्या हौसेसाठी सरकारने हँगर, म्हणजे विमाने ठेवायच्या शेड, बांधू नयेत. पण धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूर या जिल्ह्यांतून रुग्ण सोलापुरात उपचारांना येतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांसाठी रस्त्यावरचे तास जिवावर बेततात. मोठ्या तालुक्यांच्या गावी सात-आठशे मीटरची एक साधी, कुंपण घातलेली धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी शंकू, हवामानाची स्वयंचलित नोंद करणारे यंत्र आणि दिवसपाळीला एक प्रशिक्षित माणूस, एवढ्यावर रुग्णविमान उतरू शकते. उन्हाळ्याचे गणित मांडून ती लांबी वाढवावी लागेल, म्हणून जागा घेतानाच पुढे मोकळी जमीन राखावी. तीच धावपट्टी पुढे आसनावर तिकीट घेऊन जाणाऱ्या नऊ आसनी विमानाला चालेल, आणि बॅटरी खरोखर हलक्या झाल्या तर विजेच्या विमानालाही.

बारामतीला वैमानिक प्रशिक्षण चालते, सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांना त्यासाठी बाहेर जावे लागते. आपल्याकडचे निरभ्र, कोरडे हवामान वर्षातले बरेच महिने प्रशिक्षणाला अनुकूल आहे, तेव्हा इथे उड्डाणाबरोबर विमान देखभालीचेही शिक्षण सुरू व्हावे. विमानांची संख्या वाढण्याआधी ती दुरुस्त करणारे हात इथे तयार झाले तर पुढची अर्धी काळजी मिटेल. आणि तोवर महापालिकेने एक काम करावे: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून कोणत्या सर्व्हे नंबरवर किती मीटर उंचीची मर्यादा आहे याचा मराठी नकाशा काढून बांधकाम परवान्याच्या खिडकीवर लावावा, म्हणजे प्लॉट घेणाऱ्याला पैसे भरण्याआधी तो वाचता येईल.