अर्थिंगची पिन कापू नका, आणि तो मेसेजही पुढे पाठवू नका

‘डिजिटल साउंडची गुपितं : जी साउंडवाले सांगत नाहीत’ या नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या गोव्यात फिरतोय. आधी भजनी मंडळांच्या ग्रुपवर दिसला, मग नाटकवाल्यांच्या, आणि आता डिचोली तालुक्यातल्या माझ्या मावसभावापर्यंत पोचला. तो देवस्थान समितीवर आहे. सभामंडपात नवी डान्टे सिस्टम (नेटवर्क केबलवरून आवाज नेणारी) बसली आहे, जत्रेचं नाटक तोंडावर आलंय, आणि लॅपटॉपवरचं पार्श्वसंगीत या सिस्टममध्ये घ्यायचं कसं एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तरादाखल कुणीतरी हा मेसेज चिकटवला. सहा सूचना, प्रत्येकीपुढे हिरवी खूण, खाली ‘एक अनुभवी इंजिनियर’ अशी निनावी सही. भाऊ विचारतो, “दादा, असंच करूया ना?”

नको रे बाबा. आणि का नको ते सगळ्यांसमोरच लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा फोनवर सांगायला नको.

डान्टे म्हणजे सिडनीच्या ऑडिनेट कंपनीने २००६ साली आणलेली पद्धत. स्टेजबॉक्समध्ये, म्हणजे स्टेजवर माइक जोडायच्या डब्यात, माइकचा आवाज डिजिटल होतो आणि साध्या नेटवर्क केबलमधून कन्सोलपर्यंत (आवाज मिसळायच्या यंत्रापर्यंत) जातो. जाड मल्टिकोरची (अनेक तारा एकत्र असलेल्या केबलची) गुंडाळी ओढत न्यायला नको. यात गुपित कसलंच नाही.

मेसेजची पहिली सूचना : ‘केबल कशाला? लॅपटॉप वायफायने जोडा.’ ऑडिनेट स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगते की वायफायवरून डान्टे ऑडिओ चालत नाही. ज्यांनी ही पद्धत बनवली तेच नाही म्हणतात, मग हे अनुभवी इंजिनियर कुठून आले? टॅबलेटवरून कन्सोलचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) हलवायला वायफाय चालतं, तेवढं खरं. ते नियंत्रण झालं, आवाज नव्हे. बोट दोन क्षण उशिरा पोचलं तर बिघडत नाही, आवाजाचं पाकीट (नेटवर्कवरून जाणारा आवाजाचा छोटा तुकडा) उशिरा आलं तर तो गेला.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ती दुसरी सूचना, हम म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या घूं घूं आवाजाबद्दलची. शब्दशः देतो : ‘सिस्टममध्ये हम येत असेल तर कन्सोलच्या प्लगची वरची मोठी पिन कापून टाका, हम शंभर टक्के जातो.’

ती वरची पिन हातात घेऊन एकदा बघा. इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, आणि मुद्दाम तशी केलेली असते. प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावं, यासाठी. आत पॉवर सप्लायमध्ये काही सुटलं, फेजची वायर पत्र्याला लागली, की करंट या पिनेतून जमिनीत जातो आणि ब्रेकर पडतो. पिन कापली की जायला वाट उरत नाही, ब्रेकर पडत नाही, आणि कन्सोलचा अख्खा पत्रा २३० व्होल्टवर बसून राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. दिवे लागलेले, मीटर हलतायत, सगळं ठीक.

कन्सोलवाला मुलगा देवळात असतो, म्हणजे अनवाणी असतो. मंडप दुपारी धुतलेला असतो. स्टेजबॉक्सची पिन कापलेली असेल तर प्रकरण गायकाच्या हातात पोचतं, कारण माइकच्या धातूच्या अंगाचा संबंध केबलच्या शिल्डमधून बॉक्सच्या पत्र्याशी येतो. ओठ माइकला, पाय ओल्या दगडावर. बिघाड झालेला नसला तरी अर्थिंग नसलेल्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. आपली पोरं त्यावर ‘थोडा करंट आहे, चालतंय’ म्हणून हसतात. थोडा करंट!

अर्धसत्य कबूल करतो, नाइलाजाने. पिन कापल्यावर हम खरंच जातो, अनेकदा. दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या बोर्डांवरून चालतात, त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, आणि ऑडिओच्या वायरीतून त्या फरकाचा करंट फिरतो. तीच ती घूं घूं. पिन गेली की ते वर्तुळ तुटतं. म्हणून हा उपाय इतकी वर्षं कानोकानी टिकून आहे.

पण नेटवर्क सिस्टममध्ये तो उपाय जितका निरर्थक, तितकाच आणखी घातक आहे. इथरनेटच्या पोर्टमागे चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल पलीकडे जातो, पण तांब्याला तांबं लागत नाही. साधी, शिल्ड नसलेली केबल असेल तर कन्सोल आणि स्टेजबॉक्स यांच्यामध्ये ते वर्तुळ तयारच होत नाही. म्हणजे तुमचा हम तिथून येतच नाही. आणि दुसरी बाजू बघा : जुन्या मल्टिकोरचं शिल्ड दोन्ही टोकांचे पत्रे जोडून ठेवायचं, त्यामुळे कन्सोलची पिन कापली तरी स्टेजकडून चुकूनमाकून थोडंफार अर्थिंग मिळून जायचं. नेटवर्क केबलमध्ये तेही नाही. पिन कापलेला कन्सोल आता पूर्ण अधांतरी. जुना जुगाड नव्या सिस्टमवर आणला तर अपघात रोखणारं काहीच मध्ये उरत नाही.

मग हम येतो कुठून? बहुतेक वेळा लॅपटॉपच्या चार्जरमधून, हेडफोनच्या भोकातून काढलेल्या वायरीने. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हम थांबला तर चोर सापडला. भावासाठी उपाय सोपा आहे : यूएसबीचा छोटा डान्टे अडॅप्टर घे. एक टोक लॅपटॉपला, दुसरं नेटवर्क स्विचला (सगळ्या नेटवर्क केबल जोडायच्या डब्याला), मध्ये अ‍ॅनालॉग वायरच नाही. लॅपटॉपला तो साधा साउंडकार्ड म्हणून दिसतो. डान्टे कंट्रोलर या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे दोन चॅनेल कन्सोलच्या दोन इनपुटना जोडले की काम झालं. (आणि लॅपटॉपचे नोटिफिकेशन बंद कर. नायक प्राण सोडत असताना मेलची टिंग सगळ्या मंडपाला ऐकवू नकोस.) अ‍ॅनालॉग वायर वापरणं भागच असेल तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज कन्सोलला जुळवून देणारा डबा) घ्या. ते बटण ऑडिओची जमीन सोडतं, विजेची नव्हे. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा, त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा ब्रेकर) बसवा, आणि वीज गेल्यावर जो जनरेटर चालू होतो त्याचं अर्थिंग खरोखर केलेलं आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

तिसरी सूचना, ‘कुठलाही स्विच चालतो’. जवळजवळ खरं आहे, म्हणूनच फसवं. साध्या गिगाबिट स्विचवर लहान सिस्टम मजेत चालते. पण हल्ली बऱ्याच स्विचमध्ये वीज वाचवणारी सोय असते, डब्यावर हिरवं पान छापलेलं असतं. पोर्ट रिकामा दिसला की ती त्याला डुलकी घ्यायला लावते, आणि सगळ्या यंत्रांची वेळ जुळवणारी घड्याळाची पाकिटं अवेळी पोचतात. ही सोय बंद करा असं ऑडिनेटचंच सांगणं आहे. ज्या स्विचमध्ये ती बंद करता येत नाही तो घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी.

चौथी वाचून तर कपाळाला हात लावला : ‘डबल सेफ्टीसाठी प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही केबल एकाच स्विचला लावा.’ प्रायमरी हे मुख्य जाळं, आणि सेकंडरी हे ते बंद पडलं तर कामाला येणारं वेगळं जाळं आहे. त्याला वेगळा स्विच आणि वेगळी केबल हवी, आणि जमलं तर ती मंडपाच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. एकच स्विच मेला तर दोन्ही केबल एकदमच मेल्या, सेफ्टी कुठे राहिली? त्यात बॉक्स ‘स्विच्ड’ मोडमध्ये (दोन्ही पोर्ट एकाच जाळ्यात) असेल तर दोन केबलचा फेरा तयार होतो, पाकिटं त्यातच फिरत राहतात आणि काही सेकंदांत सगळी सिस्टम गप्प. हे नांदीच्या वेळी झालं तर समितीवाल्यांनी काय करायचं?

पाचवी सूचना दोन चुका एकत्र करते : ‘प्रत्येक यंत्राचं क्लॉक इंटर्नल ठेवा, आणि ४८ ऐवजी ९६ किलोहर्ट्झ लावा, आवाज दुप्पट स्वच्छ.’ भजनात पखवाज दोन आणि ठेके दोन असले तर काय होईल? यंत्रांच्या क्लॉकचं, म्हणजे आतल्या घड्याळाचंही तसंच : ताल देणारा लीडर एकच, बाकी सगळे त्याच्यामागे. दोन स्वतंत्र घड्याळांत दहा लाखांत वीस इतका फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं (सॅम्पल) घेताना, दर सेकंदाला जवळपास एक सॅम्पल इकडचा तिकडे होतो. तीच ती अधूनमधून येणारी ‘टक्’, जिच्यासाठी लोक माइक बदलत बसतात. डान्टे आपला लीडर आपोआप निवडतो. कन्सोलचं क्लॉक डान्टेवर ठेवा आणि त्याला त्याचं काम करू द्या. ९६ बद्दल एवढंच की ४८ मध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो. शिवाय बरेच छोटे अडॅप्टर ४८ वरच चालतात, आणि दोन टोकांचे आकडे जुळले नाहीत तर डान्टे ती जोडणीच करत नाही.

शेवटची सूचना ‘लेटन्सी सगळ्यात कमी ठेवा, नाहीतर आवाज मागे पडतो’. लेटन्सी म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर. डान्टेचा ठरलेला आकडा १ मिलिसेकंद आहे. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. गायक मॉनिटरपासून (स्टेजवरच्या त्याच्या स्पीकरपासून) अर्धं पाऊल मागे सरला तरी त्याहून जास्त फरक पडतो. उगाच खाली आणलं तर उशिरा आलेली पाकिटं टाकून दिली जातात आणि आवाज तुटतो. लॅपटॉपचा बफर (आवाज पुढे देण्याआधी तो साठवून ठेवायची जागा) मात्र खरा वेळ खातो, २५६ सॅम्पलला ५ मिलिसेकंदांच्या वर. पार्श्वसंगीताला त्याने काही फरक पडत नाही. गायकाचा आवाज लॅपटॉपमधून फिरवून त्याच्या कानात परत देणार असाल तर पडतो, आणि तसं कुणी करू नये.