‘पंचवीस हजारांच्या आतला लॅपटॉप म्हणजे भंगार’? मला हे मान्य नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या दुकानात एक प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी बाप काउंटरपाशी येतो, खिशातून मोबाइल काढतो, व्हॉट्सअ‍ॅप उघडून पुढं धरतो आणि विचारतो, "दादा, हे खरं हाय का? पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, पण ह्यात तर नको म्हणत्यात."

मेसेज थोड्याफार फरकानं तोच असतो. पंचवीस हजारांच्या आतला छोटा लॅपटॉप म्हणजे खेळणं, सहा महिन्यांत भंगार. त्याचा प्रोसेसर मोबाइलपेक्षाही हलका. ४ जीबी रॅममध्ये काहीच चालत नाही. ११ इंचाच्या पडद्यावर मुलांचे डोळे जातात. त्यापेक्षा आय-सेव्हन प्रोसेसरचा जुना लॅपटॉप घ्या. तेही जमत नसेल तर मोबाइलवर भागवा, पन्नास हजार साठवा आणि मगच लॅपटॉप घ्या. शेवटी "जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा" हे असतंच.

मी सांगलीत सोळा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. विकत नाही, त्यामुळं कुठला खपावा यात माझा फायदा नाही. या मेसेजमध्ये दोन गोष्टी खऱ्या आहेत, एक अर्धवट आहे आणि बाकीच्या चुकीच्या. त्यातली शेवटची तर नुकसान करणारी आहे, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात ‘सहा महिन्यांत भंगार’पासून. माझ्या टेबलावर रोज काय येतं, तर तुटलेल्या बिजागऱ्या, सैल झालेली चार्जिंगची पिन, फुगलेली बॅटरी, चहा सांडलेला कीबोर्ड. यातल्या कशाचाही किमतीशी थेट संबंध नाही. बिजागरी तुटते कारण तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. एका कोपऱ्याला धरून पडदा उघडायची सवय असली की ते प्लास्टिक चिरतं. साठ हजारांच्या मोठ्या लॅपटॉपलाही हे होतं, उलट त्याचा पडदा जड असल्यानं लवकर होतं.

गेल्या वर्षी मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका व्यापाऱ्यानं त्याचा पंधरा इंची लॅपटॉप आणला. तक्रार अशी की तापतो आणि आपोआप बंद पडतो. मागचं झाकण उघडलं तर पंख्याची पाती पिवळीधमक, आणि तांब्याच्या नळीपाशी ज्या बारीक जाळीतून गरम हवा बाहेर पडते, तिथं हळदीचा थर बसलेला. दाबलेल्या कापसासारखा अख्खा निघाला, चिमट्यानं. त्याच दुकानात त्याच्या पुतण्याचा ११ इंची स्वस्तातला लॅपटॉप चार वर्षं चाललाय. त्यात पंखाच नाही. या छोट्या यंत्रांतले बरेचसे प्रोसेसर ६ वॅटचे असतात, पंख्याशिवाय भागतं. जिथं हळद, पीठ, भुसा उडतो तिथं हा गुण लहान नव्हे. आपल्या जिल्ह्यात अशा जागा किती आहेत हे मी सांगायला नको.

आता प्रोसेसर. ‘आय-सेव्हन घ्या’ हा सल्ला ‘मारुती घ्या’ म्हटल्यासारखा आहे. कोणती, कधीची? आय-सेव्हन हे नाव २००८ पासून चालत आलंय. २०१६ सालचा आय-सेव्हन ७५००यू घ्या, लॅपटॉपमध्ये सर्रास सापडतो. त्यात कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच. २०२३ मध्ये आलेल्या एन १०० या स्वस्तातल्या प्रोसेसरमध्ये चार कोर आहेत, आणि ब्राउझर, वर्ड, एक्सेल, टॅली अशा रोजच्या कामात तो त्या आय-सेव्हनच्या मागं पडत नाही. वीज मात्र निम्म्याहून कमी खातो. नावावर जाऊ नका, आकडा वाचा.

दुसरी अडचण मोठी. विंडोज १० चं नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालं. विंडोज ११ ला इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. पिढी ओळखायची सोपी खूण: आय-सेव्हन किंवा आय-फाइव्हच्या पुढच्या आकड्याची सुरुवात बघा. ८२५०यू म्हणजे आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. बाजारात ‘आय-सेव्हन, फक्त पंधरा हजार’ म्हणून जे विकतात, त्यांचा आकडा बहुतेकदा ४, ५ नाहीतर ६ नं सुरू होतो. त्यांवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात, पुढं अपडेट अडकलं की गिऱ्हाईक माझ्याकडं येतं.

मेसेजमधलं अर्धवट सत्य इथंच आहे. कंपन्यांमधून निघालेला आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी (फायली साठवायची वेगवान डिस्क) असलेला जुना लॅपटॉप खरोखर चांगली खरेदी ठरते. मी माझ्या भाच्याला तोच घेऊन दिला. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. पासवर्ड मागत असेल तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून निघालेलं नाही, हात लावू नका. आणि पक्कं बिल घ्या. चोरीचा माल निघाला तर नुसतं "त्या दुकानातनं घेतला" म्हणून सुटका होत नाही.

४ जीबी रॅमबद्दल मेसेज बरोबर आहे, आणि मी तो जोर देऊन बरोबर म्हणेन. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ साठी किमान ४ जीबी सांगितलेत, पण किमान म्हणजे चालू होण्यापुरते. ब्राउझरचे पाच टॅब आणि एक्सेलची फाइल उघडली की यंत्र धापा टाकतं. त्यात बहुतेक छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दुकानात चालू लॅपटॉप समोर असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारा. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ दिसते. तिथं ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर रॅम चिकटलेली आहे. मग ८ जीबीच घ्या, त्याच्या खाली नको.

खरा सापळा मात्र मेसेज लिहिणाऱ्याला दिसलेलाच नाही. तो आहे साठवणुकीत, ईएमएमसी नावाच्या चिपमध्ये. खोक्यावर ‘६४ जीबी स्टोरेज’ असं मोठं छापलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात ही चार अक्षरं. ही चिप मोबाइलमधल्या मेमरीच्या जातीची असते. एसएसडीपेक्षा खूप सावकाश चालते आणि बोर्डावर कायमची डकवलेली असते. वर ६४ जीबीतले हातात ५८-५९ जीबीच दिसतात. त्यातले तीसेक विंडोजच खातं. वर्षभरात अपडेट साचतात, एक दिवस नवं अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही, आणि यंत्र रडायला लागतं. लोक याला ‘स्वस्त लॅपटॉप भंगार झाला’ म्हणतात. प्रोसेसरचा दोष नसतो, कोठाराचा असतो.

आणखी एक बाब मला २०१९ च्या महापुरानं शिकवली. पाणी ओसरल्यावर गावभागातनं, मारुती चौकातनं लोक चिखलानं भरलेले लॅपटॉप पोत्यात घालून आणत होते. यंत्र वाचवायचा प्रश्नच नव्हता, पण ज्यांची एसएसडी किंवा हार्ड डिस्क निघत होती, त्यातल्या काहींची हिशोबाची, फोटोंची माहिती धुऊन-पुसून काढता आली. डकवलेल्या चिपवाल्यांना मला नाही म्हणावं लागलं. एका बाईंच्या थिसिसची एकच प्रत त्यात होती. त्या काउंटरवर काही न बोलता उभ्या राहिल्या होत्या, ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून सांगतो, एसएसडी असलेलाच घ्या, आणि कुठलाही घेतलात तरी कामाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

पडद्याचं थोडक्यात. ११.६ इंचावर १३६६ बाय ७६८ ठिपके असतील तर दर इंचाला १३५ ठिपके पडतात. तेवढेच ठिपके १५.६ इंचावर पसरले की दर इंचाला जेमतेम १०० उरतात. म्हणजे छोट्यावर अक्षर लहान दिसतं, पण रेखीव दिसतं. सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा, काम झालं. आणि जो मेसेज ११ इंच डोळ्यांना वाईट म्हणतो, तोच दोन ओळींनंतर साडेसहा इंचाच्या मोबाइलवर भागवा म्हणतो. हे कसं जुळतं?

‘मोबाइलवर भागवा’ याला माझा खरा विरोध आहे. स्वस्तातल्या जुन्या एन ४०२० प्रोसेसरपेक्षा चांगला मोबाइल वेगवान असतो, हे मी मान्य करतो. पण वेगाचा इथं काय उपयोग? टॅली मोबाइलवर बसत नाही. एक्सेलमध्ये शंभर ओळींचा हिशोब अंगठ्यानं होत नाही. आणि सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट मागतात, ते दहा बोटांनी. आपल्याकडची किती पोरं या एका जागेसाठी दोन-दोन वर्षं घासतात. त्यांना काचेवर अंगठा फिरवून बोटं बसवता येतील का? तासगावहून, कवठे महांकाळहून एसटीनं क्लासला येणाऱ्या मुलाला तासभर संगणक मिळतो. घरी सराव करायला बटणंच नसतील तर तो तास फुकट जातो. अशा मुलाच्या पाठीवर सव्वा किलोचा लॅपटॉप आणि पावणेदोन किलोचा लॅपटॉप यात फरक असतो, हेही मेसेज लिहिणाऱ्यानं बस पकडताना बघायला हवं होतं.

हे छोटे लॅपटॉप कुणी घेऊ नयेत, तेही सांगतो. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला गेलेल्यांनी नको. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांना हे पुरत नाहीत. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी नको. टॅली शिकायची असेल तर अँड्रॉइडवर आधारलेले किंवा क्रोमबुक नको, त्यात ती बसणारच नाही. नुसतं वाचन, ऑनलाइन वर्ग, गुगल डॉक्स असेल तर क्रोमबुक ४ जीबीतही बरं चालतं, आणि २०२३ मध्ये गुगलनं त्यांना दहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलंय. फक्त ती वर्षं त्या यंत्राचा मूळ साचा (प्लॅटफॉर्म) बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे.

एक गोष्ट राहिली. नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये पुष्कळदा विंडोज ‘एस मोड’मध्ये येतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काही बसत नाही. पोरं क्लासमधनं पेनड्राइव्हवर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणतात, ते उघडत नाही, आणि नवाकोरा लॅपटॉप ‘खराब निघाला’ म्हणून माझ्याकडं येतात. सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनमधून एस मोड फुकट काढता येतो. एकदा काढला की परत लावता येत नाही, पण लावायची गरजही पडत नाही. यासाठी कुणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका.

राहता राहिलं ‘पन्नास हजार साठवा, मगच घ्या’.

पलूसकडची एक मुलगी, वडील द्राक्षबागेत रोजंदारीवर. बारावीनंतर लॅपटॉप घ्यायला तिच्या आईनं बचत गटातून वीस हजार उचलले होते. कुणीतरी हाच मेसेज दाखवला. "एवढ्यात चांगला येत नाही म्हणत्यात," म्हणून पैसे ठेवून दिले, भर घालू म्हणाले. भर पडली नाही. पहिल्या पावसाळ्यात घराचे पत्रे बदलावे लागले, पुढच्या वर्षी आजोबांना मिरजेत दवाखान्यात ठेवावं लागलं. बीकॉमची दोन वर्षं तिनं सगळे प्रोजेक्ट मोबाइलवर केले आणि सायबर कॅफेत छापले. तिसऱ्या वर्षी वडील तिला घेऊन माझ्याकडं आले. मेसेज अजून त्यांच्या मोबाइलमध्ये होता.

मी त्यांना एन १००, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी असं कागदावर लिहून दिलं आणि म्हटलं, यातली एकही ओळ कमी असेल तर घेऊ नका, बाकी कंपनी कुठलीही चालेल. चोवीस हजारांत मिळाला. त्यातले चार हजार वडिलांनी मुकादमाकडनं उचल घेतले.

परवा ती कीबोर्डचं एक बटण निघालं म्हणून आली होती. बटण बसवताना बघितलं, मधल्या ओळीतल्या चार-पाच बटणांवरची अक्षरं पुसत आली आहेत. मराठी तीस झालंय म्हणाली. चाळीसची परीक्षा आता देणार आहे.