विजयाचं पार्सल

'टेकअवे' हा शब्द मी पहिल्यांदा पुण्यात वाचला, एका उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर. तिथे त्याचा अर्थ सरळ होता. बसायला जागा नाही, इडली घ्या आणि निघा, डब्याचे पैसे वेगळे. अमेरिकेत येऊन मला बारा वर्षं झाली तरी माझ्या नाकात त्या शब्दाला सांबाराचाच वास होता. तो २७ नोव्हेंबर २०२१ रोजी कायमचा गेला.

त्या दिवशी आमच्या गावच्या, म्हणजे अ‍ॅन आर्बरच्या, मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाला ४२-२७ असं हरवलं. सामना दुपारी बाराला सुरू झाला आणि अंधार पडायच्या आत संपला. पण 'या सामन्यातून आपण काय घ्यायचं', म्हणजे टेकअवे, हे प्रकरण पुढे पाच आठवडे चाललं. ते सगळं मी ऐकून घेतलं. चेंडूशी माझं वैर नाही, पण ओळखही नाही.

अ‍ॅन आर्बरमध्ये राहून फुटबॉल न बघणं म्हणजे पंढरपुरात राहून 'एकादशी कधी असते हो?' विचारण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. गाव सव्वा लाखाचं आणि स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं. त्या शनिवारी आत १,११,१५६ माणसं होती. मुंबईच्या लोकलला जे जमतं ते इथे स्टेडियमला जमतं, एवढंच मी त्यातून घेतलं. माणसं एकमेकांना 'हॅलो' म्हणत नाहीत, 'गो ब्लू' म्हणतात. 'राम राम'ला जसं 'राम राम'च म्हणायचं, तसं 'गो ब्लू'ला 'गो ब्लू'. संघाचे रंग निळा आणि पिवळा, पण पिवळ्याला इथे पिवळा म्हणायचं नाही, मक्याचा रंग म्हणायचं. आमच्या डावीकडचे शेजारी बारा महिने त्या रंगाचं जाकीट घालतात, म्हणून घरात त्यांचं नाव मकाकाका.

तरी माझं बरं चाललं होतं, कारण आमचा संघ ओहायोकडून हरायचा. २००३ नंतर मध्ये एकदा, २०११ साली, जिंकले. तेव्हा मी तळघरातल्या भाड्याच्या खोलीत राहत होतो, आनंद तिथवर उतरला नाही. मग सलग आठ पराभव. त्या काळात हे गाव किती सुसंस्कृत होतं! नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी रस्ते रिकामे. रविवारी दुकानात रांग नाही. सोमवारी ऑफिसात सगळे मान खाली घालून चक्क काम करत. पराभवातून कुणाला काही शिकायचं नसतं, हा त्याचा मोठा गुण. २०२०मध्ये तर करोनामुळे सामनाच रद्द झाला. बाकी जगाचं काहीही असो, मला ते वर्ष तेवढ्यापुरतं गोड गेलं.

मग अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१पासून लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांना दार उघडलं आणि दोन वर्षं व्हिसा हातात धरून बसलेले माझे सासरे, अण्णा, त्याच महिन्यात येऊन दाखल झाले. अण्णा कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. ज्यांना कोल्हापूर म्हणजे फक्त महालक्ष्मी, कुस्ती आणि रस्सा वाटतं त्यांना सांगायला हवं, की त्या गावाला फुटबॉलचं वेड आहे. तिथले संघ तालमींचे. पाटाकडील तालमीचा शिवाजी तरुण मंडळाशी सामना असला की शाहू स्टेडियमवर जे होतं ते बघायला पोलीस लागतात. अण्णा जन्माने पाटाकडील.

"हितं फुटबॉल हाय म्हणं," सामान न उघडताच अण्णा म्हणाले.

मी टीव्ही लावून दिला. पाच मिनिटं ते बघत राहिले. "जावईबापू, हे चेंडू हातात घिऊन पळाय लागल्यात की!"

"अण्णा, इथे तसंच असतं."

"मग ह्याला फुटबॉल का म्हणत्यात? आन् मधनंच सगळी थांबून बोलत का बसल्यात?"

मला वाटलं, सुटलो. पण सामन्याच्या दिवशी सकाळी सातला आमच्या अंगणात कोल्हापूर बसस्टँडसारखा आवाज घुमला. "घ्या, घ्या, मागं घ्या... डावीकडं मारा... बस!" स्टेडियम आमच्या घरापासून पंधरा मिनिटं. आसपासचे लोक त्या दिवशी हिरवळीवर गाड्या लावू देतात आणि पैसे घेतात. पुणेकर असल्यामुळे आजवर मी तो व्यवहार खिडकीतून आणि मोठ्या पाटीच्या मदतीने करत असे. अण्णांनी नऊच्या आत आठ गाड्या बसवल्या, शिवाय मकाकाकांच्या कुंपणालगत एक नववी. गाड्यांच्या डिक्या उघडून मंडळींनी तिथेच शेगड्या पेटवल्या. अण्णा आत आले, खर्ड्याची बरणी घेऊन गेले आणि रिकामी घेऊन आले. एका माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो अण्णांना मिठी मारत होता.

सामन्याबद्दल मी फार सांगणार नाही, ज्यांना सांगायचं होतं त्यांनी ते पुरेसं सांगितलं आहे. बर्फ पडत होता. मध्यंतराला १४-१३. मग आमचा हसन हास्किन्स नावाचा धिप्पाड गडी चेंडू पोटाशी धरून पुन्हा पुन्हा गर्दीत घुसला. अठ्ठावीस वेळा घुसला आणि पाच वेळा गोलरेषेच्या पार गेला. बचावाला आमच्याच एडन हचिन्सनने ओहायोच्या चेंडू फेकणाऱ्याला तीनदा आडवा केला. बापानेही याच विद्यापीठाकडून ९७ नंबर घालून खेळलेलं, पोराचाही नंबर ९७. हे कळल्यावर अण्णा सोफ्यावर ताठ बसले. "म्हंजे घराण्यातलंच पोरगं हाय!" सामना संपला, हजारो माणसं मैदानात उतरली आणि बर्फात नाचायला लागली. "ह्ये बरोबर," अण्णा म्हणाले. एवढ्या दिवसांत अमेरिकेतली पहिली गोष्ट त्यांना पसंत पडली होती.

त्या संध्याकाळी मकाकाका नवव्या गाडीबद्दल बोलायला आले असावेत, पण ती गाडी त्यांना दिसलीच नाही. डोळे ओले होते. अण्णा पायऱ्यांवर उभे, मकाकाका बर्फात उभे आणि मी मध्ये, दुभाषी. इंग्रजी न येणारा कोल्हापूरकर आणि मराठी न येणारा मिशिगनकर यांना एकमेकांचे टेकअवे पोचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि पगार नाही.

मकाकाकांचा पहिला मुद्दा असा की बर्फात हवेतून चेंडू फेकणारा फसतो, जमिनीवरून जाणारा तरतो. हा त्यांनी सात वेळा सांगितला. मी तीनदा भाषांतर केलं, मग "तेच म्हणतायत" म्हणायला लागलो. दुसरा मुद्दा १९५०चा. तेव्हा कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, असं हिमवादळ होतं की मैदानावरच्या रेषा दिसत नव्हत्या. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. मिशिगनला हे सबंध सामन्यात एकदाही जमलं नाही, तरी ते ९-३ने जिंकले. मला हे ऐकून पहिल्यांदा त्या संघाबद्दल आपुलकी वाटली. माझी नोकरीही तशीच चालू आहे.

मग प्रशिक्षक जिम हारबॉ सामन्यानंतर जे बोलले ते आलं. तिसऱ्या बेसवर उभी असलेली काही माणसं समजतात की आपणच दणका हाणून इथवर आलो, अशा अर्थाचं. हे वाक्य बेसबॉलचं. म्हणजे एक खेळ समजवायला दुसरा खेळ समजून घ्यायचा. मकाकाकांनी फावड्याने बर्फात चार बेस काढले आणि एकावरून दुसऱ्यावर स्वतः धावून दाखवलं. पायाला कळा यायला लागल्यावर मी अण्णांना थोडक्यात काय ते सांगितलं.

"म्हंजे आयत्या बिळावर नागोबा!" अण्णा म्हणाले.

त्याचं मी जमेल तसं इंग्रजी केलं. मकाकाका स्तब्ध झाले. मग त्यांनी खिशातून फोन काढून ते लिहून घेतलं.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी मीटिंगच टेकअवेची ठेवली. ओहायोकडून पाच वेळा हरल्यावर त्याच वर्षाच्या सुरुवातीला हारबॉचा मूळ पगार जवळजवळ निम्मा करण्यात आला होता. आणि बघा, जिंकला की नाही? असं म्हणून साहेबांनी टेबलाभोवती जी नजर फिरवली ती माझ्यावर जरा जास्त थांबली. कोपऱ्यात आमचा कोलंबसचा सहकारी बसला होता. त्याच्या विद्यापीठात या सामन्याच्या आठवड्यात आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम'वर लाल फुली मारतात आणि मिशिगनचं नावसुद्धा घेत नाहीत, 'वरचा तो संघ' म्हणतात. (घरी हे सांगितल्यावर अण्णांनी विचारलं, "मग आमच्या मंगळवार पेठंचं काय करतील?") त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. संपूर्ण राज्यात माझ्या मनातलं समजणारा तो एकटाच माणूस होता, आणि त्याच्याशी बोलणं त्या आठवड्यात धोक्याचं होतं.

आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एरवी गौरीगणपतीच्या मोदकांवर आणि कुणाला भारतातून पुस्तकं आणायचीत का यावर चालतो. तिथे मंगळवारी एक टेकअवे आला. १७६१ला पानिपत, १७७१ला महादजी शिंद्यांनी दिल्ली परत घेतली, दहा वर्षं. २०११ ते २०२१, दहा वर्षं. इतिहासाची पुनरावृत्ती! खाली छप्पन्न अंगठे आणि भगवे झेंडे. मी फक्त एवढंच लिहिलं की २०११ साली आपण जिंकलो होतो, त्यामुळे ते पानिपत धरता येणार नाही. उत्तर आलं, 'तुम्ही फार नकारात्मक आहात.' आणखी कुणीतरी लिहिलं, 'पुण्याचे का?'

इकडे अण्णांची आणि मकाकाकांची मैत्री गॅरेजमध्ये पक्की झाली होती. रोज संध्याकाळी जेवणाआधी तासभर. मी ऑफिसातून येऊन बूट काढायच्या आत हाक यायची, "जावईबापू, याचं जरा सांगा." एकदा मकाकाका भांडणाच्या मुळाशी गेले. १८३५ साली टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो खरोखर फौजा घेऊन समोरासमोर आले होते. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा जंगलाचा मोठा तुकडा मिळाला. तिथे नंतर तांबं आणि लोखंड निघालं.

मी भाषांतर संपवलं. अण्णा काही बोलले नाहीत. उठले, मकाकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्यांना सांगा, आमचं बेळगाव."

एका वाक्यात बेळगाव कसं सांगणार? मला पाऊण तास लागला. जेवण थंड झालं. मकाकाकांनी मात्र शेवटी दोन्ही हातांनी अण्णांचा हात धरला. त्या दिवसापासून ते दर बर्फानंतर आपलं बर्फ उडवायचं यंत्र थेट आमच्या दारापर्यंत आणायला लागले. गेली सहा वर्षं ते यंत्र दोन घरांमधल्या रेषेवर बरोबर थांबत होतं.

त्या आठवड्यात मी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, 'गो ब्लू' म्हटलं आणि गोळ्यांची पिशवी पुढे करताना म्हणाला, "तुमच्याकडे म्हण आहे ना, दुसऱ्याच्या बिळात राहणाऱ्या नागाची? ओहायोला अगदी लागू पडते." उडुपी हॉटेलनंतर मला पहिल्यांदाच खरं पार्सल मिळालं होतं, आणि तेही आमच्याच घरचं.

४ डिसेंबरला आमच्या संघाने इंडियानापोलिस शहरात आयोवाच्या संघाला ४२-३ने हरवलं. म्हणजे टेकअवेचा नवा माल आला. साहेबांनी पगाराचा मुद्दा परत काढला. न्हावी कैची हवेत धरून हचिन्सन बाजूने कसा शिरतो ते सांगायला लागला. मी कानाच्या काळजीने सगळ्याला हो म्हणालो.

३१ डिसेंबरच्या रात्री फ्लोरिडात 'ऑरेंज बाउल' नावाच्या मोठ्या सामन्यात जॉर्जियाच्या संघाने आमच्या संघाला ३४-११ असं लोळवलं. नव्या वर्षाच्या सकाळी मी दार उघडलं आणि मला ती जुनी, आठ पराभवांची शांतता ऐकू आली. रस्त्यावर कुणी नाही. मकाकाकांच्या गॅरेजचं दार बंद. मला चहा इतका छान लागला की मी दुसरा कप घेतला.

"तिकडं जाऊ नका," अण्णा म्हणाले. "हरलेल्या माणसाच्या दारात आठ दिस जायाचं नसतंय. आमच्यात तर पेठंतनं सुदीक जात न्हाईत, मागल्या गल्लीनं जात्यात."

आठ दिवस झाले. मग रात्रभर बर्फ पडला. सकाळी यंत्राचा आवाज आला, मी खिडकीशी गेलो. मकाकाका मान खाली घालून बर्फ उडवत आले आणि दोन घरांमधल्या रेषेवर येऊन थांबले. वळले. परत गेले.

मी फावडं घेऊन बाहेर पडलो. पाचव्या घावाला पाठीत कळ आली. मागे दार उघडलं, आणि शाल पांघरलेले अण्णा उंबऱ्यावरून ओरडले, "जावईबापू, असं उभ्यानं न्हवं! खांदा खाली घाला! हास्किन्स कसा घुसायचा?"