गळती न शोधण्याची कला

गाडी जुनी झाली की थोडंफार पाणी पिणारच, हे वाक्य आधी पाठ करा. पुढचं सगळं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. इंजिन थंड ठेवणारी कूलिंगची व्यवस्था सीलबंद असते, त्यातलं पाणी महिन्या-महिन्याला उतरायचं काही कारण नाही, उतरलं म्हणजे ते एक तर बाहेर पडतंय किंवा इंजिनात शिरतंय, असले विचार करणारी माणसं सारखी बोनेट उघडतात आणि हात काळे करून घेतात. झाकलेलं बोनेट सव्वा लाखाचं. तुम्ही फक्त डिकीत पाण्याचा एक कॅन ठेवा.

पाणी अर्थातच नळाचं. अर्धं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत रसायन) आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण ज्यांना वेळ जात नाही त्यांच्यासाठी आहे. तुम्ही दर खेपेला साधं पाणी ओतत गेलात की मिश्रण पातळ होत जातं, गंजरोधक रसायनं नावापुरती उरतात आणि क्षारांचे थर बसू लागतात. सुरुवातीला हिरवं किंवा गुलाबी असलेलं कूलंट फिकट होत होत पाण्यासारखं दिसायला लागेल. घाबरू नका, रंग परत येतो. तांबूस येतो, पण येतो.

कधीतरी गाडीखाली थारोळं दिसेल. लगेच जाहीर करा, "एसीचं पाणी आहे." एसी लावलाच नव्हता, अशी कुणी आठवण करून दिली तर विषय बदला. चुकूनही त्यात बोट बुडवू नका, कारण एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, तर कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो; एकदा हा फरक कळला की तो नाकारणं फार जड जातं. (हे एक वाक्य मात्र सरळ वाचा: एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट कुत्र्यामांजरांना मारून टाकतं आणि ती ते चाटतात, तेव्हा थारोळं धुऊन काढा.)

शोधायचंच ठरवलंत तर जिथे थेंब पडतो तिथलाच पाइप बदलून टाका. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पाणी वरच्या सांध्यातून निघतं, ब्लॉकच्या अंगावरून ओघळतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं आणि भलत्याच नटाच्या टोकावरून टपकतं. म्हणून जाणती माणसं खालून वर जात सगळ्यात उंच ओली जागा शोधतात. इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन क्लिपांच्या कडेला सुकलेले पांढरट-हिरवट डाग बघतात, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते ती शिवण बघतात, होज पाइप दाबून तो फुगलाय, मऊ पडलाय की चिरलाय ते पाहतात. तुम्हाला एवढा वेळ कुठला!

प्रेशर टेस्टर नावाच्या वस्तूपासून तर चार हात लांबच राहा. थंड इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावर छापलेला असतो तेवढा दाब हातपंपाने भरायचा आणि काट्याकडे बघत थांबायचं. काटा उतरला की गळती आहे, आणि बहुतेक वेळा ती कुठे आहे हेही दिसतं. वर्षभर चाललेली चर्चा एका चहाच्या वेळात संपवणारं असलं अरसिक यंत्र दुसरं नाही. तेच त्या झाकणाचं. साधारण एक बारचा दाब धरून ते पाण्याचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर नेतं. त्याचं रबर कडक झालं की पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. हा सगळ्यात स्वस्त आणि सोपा भाग, म्हणूनच तो शेवटी बदलायचा.

वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी झिरपावं आणि मालकाला कळावं, म्हणून बनवणाऱ्यानेच ते ठेवलेलं असतं. त्यात एपॉक्सी भरा. निरोप्याचं तोंड बंद झालं की बेरिंगमध्ये पाणी जाईल, पण ते आत, नजरेआड. गाडीत गोडसर वास येतोय, काचेवर आतून चिकट धुकं धरतंय, पायाखालचा गालिचा ओला आहे? हीटरची जाळी गळतेय. आरशाला अत्तराची कुपी लटकवा.

आणि ते बाटलीतलं गळती थांबवणारं औषध! डबल डोस घाला. भोक कोणतं आणि जाळीतली अरुंद वाट कोणती, हे त्याला कळत नाही, त्यामुळे ते समभावाने सगळंच बुजवतं.

आता डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याबद्दल. काटा वर चढत चढत एकदम खाली आला तर सुटकेचा नि:श्वास टाका आणि वेग वाढवा. पाणी इतकं कमी झालंय की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लोंबकळतोय आणि त्याला काही कळेनासं झालंय, ही शंका मनात आणू नका. हीटर पूर्ण सोडून उष्णता बाहेर काढणं, बाजूला थांबणं, इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात न लावणं ही भित्र्यांची लक्षणं. शूर माणूस तिथल्या तिथे झाकण फिरवतो. शंभर अंशांच्या वर, केवळ दाबामुळे गप्प असलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. त्यातूनही शाबूत राहिलात तर लालबुंद इंजिनात थंड पाणी ओता. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकायला किंवा तडकायला तेवढं पुरतं.

यानंतर सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर इंजिन तापलं तरी थांबणार नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतील, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साका दिसेल. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचा सील, गेली. मेकॅनिकला सांगा, "कालपर्यंत गाडी एकदम मस्त होती हो." तो काही बोलणार नाही. हे वाक्य त्याला पाठ आहे.

हेड उतरवून, फेसिंग करून म्हणजे घासून सपाट करून, नवी गॅस्केट बसवताना तो विचारेल, "सगळं उघडलंच आहे, तर पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट बदलून टाकू का?" ठणकावून नाही म्हणा. ते तर गळत नाहीत! नव्या गॅस्केटमुळे आता पूर्ण दाब धरला जाईल, आणि तो सगळाच्या सगळा त्याच जुन्या पाइपांवर येईल.