खुलासा: स्पेस इंजिनीअरिंगमधलं प्रोग्रामिंग म्हणजे ‘आयटीचा कोर्स’ नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: स्पेस इंजिनीअरिंगच्या मास्टर्सला नेटवर्किंग आणि प्रोग्रामिंग शिकवतात, म्हणजे तो आयटीचाच कोर्स, नाव तेवढं झकपक. हे चुकीचं आहे.

आपलं रोजचं इंटरनेट बरंचसं टीसीपीवर, म्हणजे डेटा पोहोचवण्याच्या एका नियमावलीवर चालतं. त्यात आधी दोन्ही टोकांची ‘ऐकू येतंय का? हो, येतंय’ अशी बोलणी होतात. मंगळापर्यंत सिग्नलला जायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात, म्हणजे उत्तर यायला याच्या दुप्पट. जोडणी मागणारा लिनक्सचा संगणक तर साधारण दोन मिनिटांत कंटाळून नाद सोडतो! म्हणून ‘बंडल प्रोटोकॉल’ आला. पुढची वाट खुली होईपर्यंत प्रत्येक टप्पा डेटा जपून ठेवतो, एसटीच्या पार्सलसारखा. त्याची सातवी आवृत्ती 2022 मध्ये इंटरनेटचं प्रस्तावित प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. या मूळ कल्पनेमागच्या लोकांत विंट सर्फही आहेत, टीसीपीच्या जनकांपैकी एक. हे समजायला आधी साधं इंटरनेट पक्कं यावं लागतं.

आणि कोडिंग? 4 जून 1996 ला एरियन 5 हे युरोपचं रॉकेट उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आत फुटलं. कारण होतं कोड: 64 बिटी संख्या 16 बिटांत कोंबायला गेलेला तो कोड आधीच्या एरियन 4 मधून जसाच्या तसा उचललेला होता. इंजिन ठणठणीत होतं.

मेसेजमधलं एक मात्र खरं: हे शिकून आयटीत नोकरी मिळू शकते. पण कक्षेचं गणित, प्रणोदन (यानाला पुढे ढकलण्याचं तंत्र), उष्णता-नियंत्रण हे विषय चुकत नाहीत. निव्वळ वेबसाइट बनवायच्या असतील तर या वाटेला जाऊच नका.